घरटी एक माणूस

“बाई, मी कुणाच्या घरची म्हणून उभी राहू?” बानूबाईनं विचारलं आणि हातातलं घमेलं पालथं घालून ती त्यावर ऐसपैस बसली.

जयाला आधी प्रश्नच उमगला नाही. रविवारची सकाळ होती. ऊन अजून गच्चीवरच्या टाक्यांपाशीच रेंगाळत होतं. जयाच्या हातात फावडं, पदर कमरेला खोचलेला, पायात मुलाचे जुने बूट. “म्हणजे गं?”

“म्हंजे असं बघा. ए बिल्डिंगीतल्या चष्मेवाल्या बाई म्हनल्या, आमच्याकडनं तू जा. चेअरमनसायबांच्या सूनबाई म्हनल्या, आमच्याकडनं बी तूच. आन् मनीषदादा म्हनला, मावशी, तुम्ही जाताच आहात तर आमचंही धरून टाका. आता घरं तीन आन् मी एकली. आळीपाळीनं उभी राहू, का तीन घमेली उचलू?”

तिचा नवरा म्हसू, सोसायटीचा वॉचमन आणि पंपवालाही तोच, तोंड फिरवून हसला. जयाच्या ओठांशी एक सणसणीत वाक्य आलं. ते तिथंच अडकणं भाग होतं. अधिक महिना लागला तेव्हा तिनं देवापुढे पाणी सोडून नेम घेतला होता, महिनाभर कुणावर आवाज चढवायचा नाही. शेजारच्या बायकांनी चहा सोडला, कुणी रात्रीचं जेवण सोडलं. जयाला वाटलं, चहा सोडण्यात देवाला काय मिळणार, आपल्याला जे सुटत नाही ते सोडावं. तसा तिचा आवाज मुळात मोठा नव्हताच. माहेरी म्हणायचे, ही बोलली की मांजरसुद्धा कान टवकारतं. पण आत, बरगड्यांच्या मागे, ती दिवसभर भांडत असायची. टँकरवाल्याशी, लिफ्ट नसलेल्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी खाली टाकणाऱ्यांशी, वीजबिलाशी, कधीकधी देवाशीही. देवाशी जरा बेतानं. नेम घेतल्यापासून हे आतलं भांडण कमी होईल असं तिला वाटलं होतं. उलट बाहेरची वाट बुजल्यावर ते आतच तुंबायला लागलं, मागच्या गटारासारखं.

त्या गटारासाठीच तर हे सगळं मांडलं होतं. रानजाई सोसायटी पुण्याच्या कडेला सूसमध्ये उभी राहिली तेव्हा भोवती वावरंच होती, आणि जयाचे यजमान निरंजनराव पिरंगुटच्या कारखान्यातून मोटारसायकलवर घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना वाटेतल्या गवताचा वास यायचा. आता चारी बाजूंना उंच टॉवर, आणि त्यांच्या मधोमध रानजाईच्या चार बुटक्या इमारती, रंग उडालेल्या, गॅलऱ्यांतून लोखंड डोकावणाऱ्या. लग्नाच्या पंगतीत जुनं लुगडं नेसून बसलेल्या बाईसारख्या. बागेत घसरगुंडीचा फक्त जिना शिल्लक होता. मागच्या पावसाळी गटारात लोकांनी नूतनीकरणाचा राडारोडा, फुटके कमोड, गणपतीची थर्माकोलची मखरं असं काय काय लोटलेलं, आणि दर पावसाळ्यात ते तुंबून पाणी सी बिल्डिंगच्या पायाशी चिखल करून बसायचं. सी बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जयाचं घर. ओल भिंतीतून चढत निरंजनरावांच्या पलंगाच्या उशाशी आलेली. इमारत तपासायला आलेला तरुण इंजिनिअर हातोडीनं इथंतिथं ठोकून म्हणाला होता, “काकू, बिल्डिंग अजून पुष्कळ वर्षं चालेल. फक्त तिचे पाय पाण्यात ठेवू नका.” जयाला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला.

पण सोसायटीत बऱ्याच जणांना इमारत चालायला नकोच होती. पाडून टॉवर बांधून देणारा एक बिल्डर येऊन गेला होता. त्यानं भिंतीवर चित्र दाखवलं. त्यात निळा तलाव आणि तलावाकाठी गोरी गोरी माणसं. चार-पाच वर्षं बाहेर भाड्यानं राहायचं, मग चावी घ्यायची. जनार्दन, म्हणजे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांशी गोडच बोलायचे. मागच्या मीटिंगमध्ये जया उठून आपल्या बारीक आवाजात ‘दुरुस्ती करू या’ म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, “जयाताई, दुरुस्तीला पैशांआधी माणसं लागतात. मागचं गटार एका रविवारी आपण सगळ्यांनी मिळून मोकळं करून दाखवू. लोक आले, तर संध्याकाळच्या सभेत तुमचा दुरुस्तीचा ठराव आधी घेतो. नाही आले, तर लोकांना टॉवरच हवाय असं समजू. चालेल?” लोक हसले. जया म्हणाली, “चालेल.” चालेल म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे टॉवर नव्हता की गटार नव्हतं. निरंजनराव वाकडला मुलीकडे पंधरवडाभर राहिले होते, ते होते. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतरची गोष्ट. मुलीनं सगळं केलं, एसी लावला, नर्स ठेवली. हे रोज सकाळी एका हातानं चपला ओढून पायात घालायचे आणि पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. घरी निघायचं म्हणून. संध्याकाळपर्यंत तसेच. जेवणाचा घास तोंडात, पायात चपला. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी पंप सुरू झाल्याचा आवाज ऐकला, म्हसूनं दिलेली शिवी ऐकली, आणि वाकड्या झालेल्या तोंडानं हसले. जयानं त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं की यांचा शेवट याच भिंतींत व्हायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आपल्या माणसाच्या शेवटाचं बोलू नये, आणि सभेत तर नाहीच. चार-पाच वर्षांनी चावी. कुणाच्या हातात?

म्हणून तिनं ‘घरटी एक माणूस’ काढलं. तिचं माहेर मुळशीतल्या रिहे गावचं. भाताच्या खाचरांना पाणी नेणारा पाट दर वर्षी वैशाखात गाळानं भरायचा, आणि मग एका सकाळी दवंडी, घरटी एक माणूस. एवढंच. कुणी विचारायचं नाही कुणाचं किती रान आहे. एका वर्षी वडील तापानं फणफणलेले, भाऊ तान्हा, आई बाळंतीण. तर जया गेली होती, परकर खोचून, डोक्यापेक्षा उंच फावडं घेऊन. म्हाताऱ्या पुढाऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “हे आलं बघा त्यांच्या घरचं माणूस.” कुणी हसलं नाही. तिच्या वाट्याला पाटाचा हातभर तुकडा आखून दिला, आणि तिनं तो उन्हं डोक्यावर येईस्तोवर साफ केला. चिखलात बोटं घातली की खालची थंड वाळू लागायची, त्यात एखादं खेकड्याचं पिलू. संध्याकाळी पाटाला पाणी सुटलं तेव्हा ती काठाकाठानं पाण्याबरोबर पळत गेली होती. ‘माणूस’ हा शब्द आपल्याला लागल्याचा तो पहिला आणि बहुधा शेवटचा दिवस. नंतर ती कुणाची मुलगी, सून, बायको, काकू झाली. सोसायटीच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, ‘रविवारी सकाळी गटारसफाई. घरटी एक माणूस यावं.’ धडाधड अंगठे आले. मनीषनं, हा बी बिल्डिंगमधला, हिंजवडीला कंपनीत असलेला उत्साही मुलगा, त्याचं सुंदर पोस्टर केलं, वर हिरवी पानं काढून. जयाला इतकं भरून आलं की त्या संध्याकाळी तिनं तुळशीपुढे दोन वाती जास्त लावल्या.

आणि आता हे. तिनं सभोवार बघितलं. माणसं आली होती, अगदी भरपूर आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर. एक स्वयंपाकवाली, जिला दहा वाजता दुसरीकडे पोळ्या लाटायला जायचं होतं. ज्यांच्या रानावर ही सोसायटी उभी आहे ते भिकूअण्णा, त्यांना मोबदल्यात मिळालेले फ्लॅट त्यांनी खोल्या खोल्या करून भाड्यानं दिलेले. त्यांनी भाडेकरू पाठवला होता. दोघं माळी. सफाईच्या ॲपचा निळा टीशर्ट घातलेला एक पोरगेला माणूस मोबाईलमध्ये बघत उभा होता, त्याला जयानं विचारलं, “तू कुणाकडचा रे बाळ?” तर तो म्हणाला, “मॅडम, मेरा बुकिंग दो घंटे का है। बाथरूम क्लीनिंग लिखा था, यहाँ तो नाला है।” जयाला वाटलं, कपाळ बडवून घ्यावं. पण चूक कुणाची? रिह्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं की गडी पाठवू नका. ज्यांच्याकडे गडी होते तेही स्वतः यायचे, आणि गडी स्वतःच्या घरचा म्हणून यायचा. हे सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. तिनं माणूस मागितलं. लोकांनी माणूस पाठवलं. घरी पार्सल आलं की खाली पाठवतात तसं.

तरी तिनं फावडं मारलं. पहिल्याच घावाला टाइलचा तुकडा खणकन वाजला आणि मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली. बानूबाई उठली, शेजारी येऊन घमेलं धरलं. “द्या हिकडं. तुमी नुसतं भरा. उचलायचं आमी बघतो.” मग काम सुरू झालं, आणि काम सुरू झालं की त्याचा आपला एक ताल लागतो हे जयाला आठवलं. ड्रायव्हर फावडं चांगलं मारत होता. निळा टीशर्टसुद्धा नाक दाबून खाली उतरला. कुबट, आंबूस वास उठला, त्यात कुठंतरी खूप जुना ओल्या मातीचाही वास, आणि एक क्षण, एकच क्षण, जया काठावर पळणारी परकरातली पोर झाली. तेवढ्यात वरून आवाज आला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक बाई कपातून चहा पीत सांगत होत्या, “काकू, त्या कोपऱ्यातलं राहिलंय बघा! हां, तिथंच! अजून जरा आत!” दुसऱ्या गॅलरीतून कुणी टाळ्या वाजवल्या. जयानं वर बघितलं नाही. मनात म्हणाली, नारायण, नारायण. बानूबाई मात्र वर बघून म्हणाली, “ताई, कप ठेवा आन् या की खाली, हितं लई गार हाय!” गॅलरीचं दार लागलं.

मनीष आला तेव्हा ऊन चांगलंच खाली उतरलं होतं. आंघोळ केलेला, हातात मोबाईल, मोबाईलला काठी. “वॉव काकू, अमेझिंग! एनर्जी बघा ना! सगळे एकदा असे वाका, मी वरून घेतो. चेहरे नकोत, कॅण्डिड हवंय.” सगळी वाकली. वाकलेलीच होती. त्यानं फोटो काढले, मग खाली बसून काढले, मग म्हणाला, “मावशी, घमेलं जरा उंच धरा ना.” बानूबाईनं धरलं. आणि जयाच्या तोंडून गेलं, अगदी हळू आवाजात, पण शब्द असे की दगडासारखे: “मनीष, ते खिशात घाल आणि हे घे. नाहीतर तोंड काळं कर इथनं.” तिनं फावडं त्याच्या छातीशी धरलं होतं. सगळे थांबले. मनीषचा चेहरा इतका गोंधळला की तिला त्याची दयाच आली. त्याला खरंच कळलं नव्हतं त्यानं काय केलं ते. “काकू, सॉरी, मला कॉल आहे अकराला,” तो पुटपुटला आणि गेला. जया फावड्यावर रेलून उभी राहिली. आवाज तर चढला नव्हता. मग नेम मोडला की नाही मोडला? असल्या हिशेबाची तिला स्वतःचीच चीड आली. देवाच्या दारी वकिली. मोडला, तिनं स्वतःला सांगितलं. मोडला तो मोडला, आता निदान गटार तरी होऊ दे.

गटार होत आलं. सी बिल्डिंगच्या मागून मोकळं होत होत ते कंपाउंडच्या भिंतीशी वळलं, आणि तिथं म्हसू थांबला. “पुडं आमचं घर हाय,” तो म्हणाला. जयानं मान वर केली. गटार सरळ बानूबाईच्या पत्र्याच्या खोलीखाली जात होतं. म्हसूला कामावर घेतलं तेव्हा सोसायटीनंच ती जागा दिलेली. गटारावरच्या फरशा म्हणजे आयता कोबा, म्हणून त्यावर पत्रे उभे केले. खोलीच्या दाराशी तुरटी घातलेला हंडा होता, दोरीवर पोरीचा शाळेचा गणवेश वाळत होता. ती खोली काढल्याशिवाय पाणी पुढे जाणार नव्हतं, आणि पाणी पुढे गेल्याशिवाय सकाळपासूनच्या कामाला काही अर्थ नव्हता.

“तुला ठाऊक होतं?” जयानं विचारलं.

“व्हय की. आमी रोज त्याच्यावरच निजतो. पावसाळ्यात खालनं बोलतं ते.”

“मग सकाळपासून बोलली का नाहीस?”

“तुमी कुटं इचारलं? तुमी माणूस मागितलं, मी आले.” बानूबाईनं कपाळाचा घाम दंडाला पुसला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर जयाला बरं वाटलं असतं. “आन् बाई, ह्या वावरात आमच्या सासऱ्याची मेंढरं बसायची. भिकूअण्णाच्या बापानं बसवून घ्यावीत, खतासाठी. चार रात्री मेंढरं बसवायची, आन् चला फुडं. उठायची सवं हाय आमाला.”

जयाला काहीतरी आठवायला लागलं आणि ते आठवू नये म्हणून तिनं घमेलं उचललं. पण ते आलंच. रिह्यात पाटाच्या पलीकडे, माळावर, धनगरांची तीन पालं असायची. दवंडी तिथपर्यंत ऐकू जायची, पण घरटीमध्ये ती घरं धरत नसत. का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. त्यांना पाट नव्हता म्हणून? की पाल म्हणजे घर नव्हे म्हणून? त्यांची मेंढरं मात्र सगळ्यांच्या खाचरांत बसायची. तिच्या त्या लखलखीत सकाळीही ती माणसं माळावरून बघत उभी असतील. आठवण म्हणून आपण जे जपतो तेही धड मिळू नये, या विचारानं तिला रडू येण्याऐवजी वैतागच आला. एक गोष्ट तरी स्वच्छ असावी.

दुपारी बानूबाई हातपाय धुऊन नेहमीसारखी जयाकडे आली. निरंजनरावांना आंघोळीला उठवायचं काम तिचंच. जयाच्या पाठीला ते झेपत नाही, आणि बाहेरच्या नर्सला ते हात लावू देत नाहीत. बानूबाई त्यांच्या काखेत खांदा घालते आणि म्हणते, “चला सायब, उटा, कारखान्याचा भोंगा झाला,” आणि ते उठतात. आज तिच्या केसांत गटाराचा वास होता. निरंजनरावांनी नाक मुरडलं. ती म्हणाली, “तुमच्याच भिंतीसाटी गेलते सायब, नाक काय मुरडता?” ते खदखदून हसले, अर्ध्या तोंडानं. जया टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिला एकदम दिसलं, ज्या घरासाठी ती सकाळपासून खणतेय ते घर म्हणजे भिंती नव्हेतच. उद्या भिंत कोरडी होईल आणि या खांद्याशिवाय हे त्या कोरड्या भिंतीशी पडून राहतील, चपला शोधत. मग लगेच तिला स्वतःचा संताप आला. बाईचं छप्पर जातंय, आणि मला माझ्या नवऱ्याची आंघोळ सुचतेय. ती जपाला बसली, पण माळेचे मणी नुसतेच बोटांखालून गेले. खिडकीतून उघड्या गटाराचा वास येत राहिला. तो वास आपणच उकरून काढलाय हे तिला विसरता येईना.

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळी जी घरं आली नव्हती ती सगळी आता स्वतः आली होती, स्वच्छ, पावडर लावून. मनीषनं भिंतीवर फोटो टाकले. वाकलेल्या पाठी, उंच धरलेलं घमेलं, सकाळचं ऊन. कुणाचाही चेहरा नाही. टाळ्या पडल्या. “बघा, ही आपली रानजाई!” कुणीतरी म्हणालं, आणि पाठी आपल्याच असल्यासारखे लोक एकमेकांकडे बघून हसले. जनार्दन उठले. “जयाताई, तुम्ही जिंकलात बरं का. आता रीतीप्रमाणे सांगा. आले ना सगळ्या घरांतून?”

जया उभी राहिली. पार्किंगच्या टोकाला नळापाशी बानूबाई बादली भरत होती. ‘आले’ म्हणायचं, एवढंच. दोन अक्षरं. दोन अक्षरांत निरंजनरावांचा पलंग, भिंत, पंपाचा आवाज, सगळं राहणार होतं. “एका घरातून आले,” ती म्हणाली. आवाज तसाच, बारीक. “बानूच्या. बाकी सगळ्यांनी माणसं पाठवली. मी धरून दोन घरं झाली.”

त्यावर हशा पिकला. अगदी मनापासून, खुर्च्या हलतील असा. “काकू काय सेन्स ऑफ ह्यूमर आहे तुमचा!” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. जनार्दन हसून हसून डोळे पुसत म्हणाले, “टोमणा पोचला हो ताई, पोचला. पुढच्या वेळी आम्ही सगळे. पण काम झालं ना? काम महत्त्वाचं. तर ठराव असा, की इमारतींची दुरुस्ती करायची, टॉवरचा विषय बाजूला, आणि गटार पूर्ण मोकळं होण्यासाठी उद्या ती पत्र्याची खोली काढायची. म्हसूची सोय तो बघेल, काय रे म्हसू? भाऊ आहे ना कासारसाईला? बरं, हात वर.” हात वर झाले. टॉवर हवा असणाऱ्यांचेही झाले. फोटोतल्या पाठी बघून त्यांना स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं होतं. जया उभीच होती. खरं बोलल्यावर काहीतरी कोसळेल असं तिला वाटलं होतं, निदान स्वतःचं घर तरी. काहीही कोसळलं नाही. तिनं मागितलेलं तिला मिळत होतं, तिनं नाकारलं तरी मिळत होतं. ओरडायला हवं होतं. सबंध आयुष्यात कधी नव्हे ते ओरडायला हवं होतं, नेम गेलेलाच होता. पण ओरडायचा स्नायूच नसल्यासारखं झालं. तिचा हात वर गेला. आधी कोपरापर्यंत, मग पुरा. बादली भरून वाहत होती, आणि बानूबाई नळ बंद न करता तिच्याकडे बघत होती.

सभा उठल्यावर जया घरी गेली नाही. ती मागे गेली. म्हसू स्टुलावर चढून पत्र्यांचे हूक सोडत होता. “उद्या म्हणालेत ते,” जया म्हणाली.

“उद्या उनात पत्रा हाताला चटकं देतो बाई,” म्हसू म्हणाला. “आत्ता गार हाय.”

बानूबाई भांडी पोत्यात भरत होती. “दिराकडं जागा हाय. काम न्हाई तितं. बघू. पोरीची शाळा सुरू व्हईस्तवर कायतरी व्हईल.”

आणि जयाच्या तोंडून जे पहिलं निघालं ते हे: “मग यांना आंघोळीला कोण उठवणार?”

म्हसूचा हात हुकावर थांबला. बानूबाईनं तिच्याकडे वळून बघितलं, मग ती हसली, फिस्सकन, जशी सकाळी हसली असती तशी. “व्हय, ते बी हायच की.”

जयाला जमिनीत जावंसं वाटलं. पण जमीन सकाळीच उकरून झाली होती, आणि तिथं जायचं तर घोट्याएवढा चिखल होता. दुसरं काही चांगलं वाक्य तिला सुचेना. हे मी कशासाठी करतेय, तिच्यासाठी की यांच्यासाठी की माझी रात्रीची झोप नीट लागावी म्हणून, हे उलगडत बसलं तर पत्रे कासारसाईला पोचतील. “आमची मागची खोली आहे,” ती म्हणाली. “मुलाची खोकी आहेत, माझी पूजेची बैठक आहे. ती पुढं हलवते.”

“तुमच्यात? आमी?” बानूबाईचे हात थांबले. “सोसायटीचे लोक काय म्हनत्याल?”

“म्हणू दे.”

“आन् तुमचं सोवळंओवळं?”

“ते माझं मी बघेन.” हे म्हणताना जयाला अजिबात उदार वाटलं नाही. उद्या सकाळी आपल्या आधी मोरीत कुणीतरी असेल, दुधाचं पातेलं वेगळ्या जागी ठेवलेलं असेल, पोरीचा मोबाईल वाजेल, जप मध्येच तुटेल, आणि आपण रोज चिडू, रोज गिळू. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, आणि ते दिसूनही ती तिथंच उभी होती.

बानूबाईनं पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं. मग म्हणाली, “पत्रं बी घेनार असाल तर येते. पत्रं हितं न्हाई सोडायची. पत्रं हायेत तवर आमचं घर हाय. उद्या तुमी म्हनलात निगा, तर कुटं तरी उभं करता आलं पायजे.”

जयाला ‘मी कशाला निघा म्हणेन’ असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. संध्याकाळी तिचा हात वर गेलेला या बाईनं पाहिला होता. “घे,” ती म्हणाली.

म्हसूनं पहिला पत्रा खाली सोडला. एक टोक बानूबाईनं धरलं, दुसरं जयानं. पत्रा वाटला होता त्यापेक्षा जड निघाला, आणि धार तळव्यात रुतली. दोघी सी बिल्डिंगच्या अंगाला लागून, मोकळ्या गटाराच्या कडेकडेनं चालत आल्या. गॅलऱ्यांतून दिवे लागले होते. कुणी खाली बघितलं असेल तर बघितलं. तळमजल्याचं दार जयानं ढोपरानं ढकललं. पत्रा उंबऱ्यात आडवा लागला आणि चौकटीवर असा काही वाजला की आतला पलंग करकरला.

“कोण आहे गं?” निरंजनरावांचा आवाज आला, शब्द जिभेवर घसरत. “काय आणलंय?”

जयानं पत्रा मागे घेतला, पुन्हा पुढे लोटला. चौकटीचा रंग खरवडला गेला. बानूबाई पायरीच्या खाली होती, तिचं तोंड पत्र्यामागे दिसत नव्हतं, फक्त दोन्ही बाजूंना बोटं दिसत होती.

“सरळ नाही जायचा,” जया म्हणाली. “तुझ्याकडून जरा वर घे. अजून. आता तिरका धर.”